सायनसचा लाल दिवा : जमा किती, खर्च किती?



सावेडीतील अनेक घरांत वाफाऱ्याच्या भांड्याशेजारी आता एक नवी वस्तू येऊन बसली आहे. लाल प्रकाशाचा छोटा दिवा. कोणी तो गालांसमोर आणि कपाळासमोर धरून बसतो, तर कोणी त्याची बारीक नळी नाकपुडीत ठेवतो. मुलाने मोबाइलवर पाहून मागवलेला असतो, किंवा व्याह्यांनी ‘आम्हाला फार गुण आला’ म्हणून पाठवलेला असतो. मग प्रश्न येतो : या दिव्याने सायनसची सूज खरोखर उतरते का?

आपल्या समाजाला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. आपली निम्मी घरे सकाळी सावेडीतून निघून दाळमंडई, आडते बाजार, मार्केट यार्ड किंवा नेप्तीच्या कांदा बाजाराकडे जातात. डाळींचा भुसा, मिरची-हळदीची पूड, बारदानाची धूळ आणि कांद्याच्या सालीचा चुरा यांत आपले दिवस जातात. जिल्हा पर्जन्यछायेतला, हवा कोरडी. सावेडीच्या मोकळ्या भूखंडांवर पावसाळ्यानंतर गाजर गवत माजते. 1955 मध्ये पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी गवत आज महाराष्ट्रभर पसरले असून, त्याचे पराग नाकाच्या ॲलर्जीचे एक ज्ञात कारण आहे. गल्ल्यावर बसून सतत शिंकणारा, दुपारनंतर डोके जड होणारा आणि रात्री तोंड उघडे ठेवून झोपणारा माणूस आपल्याला घरोघर आढळतो.

अशा माणसाला हा दिवा का आवडतो, हेही समजून घ्यावे. त्यात गोळी नाही, इंजेक्शन नाही, कॅप्सूलच्या वेष्टनात काय आहे ही शंका नाही. आयंबिल असो, उपवास असो वा वर्षीतप, दिव्याने कोणतेही पच्चक्खाण मोडत नाही. ही ओढ स्वाभाविक आहे; तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु व्यापाऱ्याची रीत अशी की, माल कितीही आवडला तरी वजनकाट्यावर ठेवल्याखेरीज भाव ठरत नाही. तीच रीत येथे लावून पाहू.

आजार नेमका कोठे असतो?

‘मला सायनस आहे’ असे आपण म्हणतो. वस्तुतः सायनस प्रत्येकालाच असतात. कवटीच्या हाडांतील या हवेच्या पोकळ्या होत. त्यांच्या चार जोड्या असतात : गालांच्या हाडांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी. त्यांच्या आतील अस्तर सतत पातळ स्राव तयार करते आणि त्यावरील अतिसूक्ष्म केस तो स्राव ढकलत ढकलत अरुंद छिद्रांतून नाकात आणून सोडतात. गालाच्या पोकळीचे छिद्र तर तिच्या तळाशी नसून वरच्या बाजूस असते. म्हणजे तेथील स्राव उताराने वाहत नाही, त्या केसांना तो वर चढवावा लागतो.

सर्दीने, ॲलर्जीने किंवा धुळीने अस्तर सुजले की हे अरुंद छिद्र बंद होते. स्राव आत साचतो, घट्ट होतो, जडपणा आणि वेदना सुरू होतात. म्हणून सायनसच्या कोणत्याही उपचाराला एकच प्रश्न विचारावा : याने सूज उतरून ते छिद्र मोकळे होते का?

यातही प्रकार आहेत. साध्या सर्दीबरोबर आलेला त्रास बहुधा दहा दिवसांत आपोआप ओसरतो. बारा आठवड्यांहून अधिक काळ नाक चोंदणे वा वाहणे, चेहऱ्यावर दाब, वास न येणे अशी लक्षणे टिकली तर तो जुनाट सायनसदाह समजला जातो. आणि केवळ शिंका, खाज व पाण्यासारखे वाहणारे नाक असेल, तर बहुतेकदा तो नाकाच्या ॲलर्जीचा त्रास असतो. आपण तिघांनाही एकाच नावाने हाक मारतो आणि म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला देत राहतो. लाल दिव्याविषयीचा पुष्कळसा गोंधळ येथेच सुरू होतो.

प्रकाशोपचाराची कुळकथा

प्रकाशाने उपचार ही कल्पना भोंदूपणाची नव्हे. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनी एकवटलेल्या प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करून दाखवला आणि 1903 मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच फिन्सेन यांनी त्याआधी देवीच्या रुग्णांना लाल प्रकाशाच्या खोलीत ठेवावे, म्हणजे व्रण कमी राहतील, असेही मांडले होते. ती पद्धत काही काळ गाजली, परंतु पुढे टिकली नाही. एकाच थोर संशोधकाची एक कल्पना कसोटीस उतरली आणि दुसरी उतरली नाही. मोठे नाव जोडलेले असले तरी प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासावा लागतो, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

पुढे 1967 च्या सुमारास बुडापेस्ट येथे डॉ. एंद्रे मेश्टर यांना असे आढळले की, सौम्य लाल लेसरच्या प्रकाशात उंदरांच्या कातरलेल्या जागी केस लवकर उगवतात. तेथून आजच्या लाल प्रकाशोपचाराचा प्रवाह सुरू झाला. पेशींतील ऊर्जा निर्माण करणारे सूक्ष्म घटक हा प्रकाश शोषून घेतात आणि त्यामुळे दाह कमी होण्यास मदत होते, अशी त्यामागील उपपत्ती आहे.

बाजारात मात्र तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली, उष्णता देणारा लाल बल्ब. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कंबर शेकायला असतो तसा हा. जर्मनीत सर्दीसाठी घरी अशा दिव्याचा शेक घेण्याची चाल जुनी आहे. त्याने ऊब मिळते, तेवढ्यापुरते बरे वाटते. दुसरी, एलईडीचा वा सौम्य लेसरचा थंड लाल प्रकाश. हाच खरा लाल प्रकाशोपचार. यात तरंगलांबी साधारण 630 ते 670 नॅनोमीटर असते आणि काही उपकरणांत त्याच्या जोडीला डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात. तिसरी, अतिनील किरणे मिसळलेला प्रकाश. हा केवळ तज्ज्ञाच्या हातातला उपचार आहे, घरी करण्याचा नव्हे. दिवा घेणाऱ्याने आपण यांतील काय घेत आहोत, हे आधी विचारावे.

काट्यावर काय भरते?

आता पुराव्याकडे वळू. इस्रायलमधील दोन डॉक्टरांनी 1997 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांना 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश नाकात दिवसातून तीनदा, चौदा दिवस दिला गेला. त्यांपैकी 72 टक्के रुग्णांनी आराम पडल्याचे सांगितले. तुलनेसाठी काही रुग्णांना खोटा दिवा दिला होता. त्यांतही 24 टक्के लोकांना बरे वाटले. हा दुसरा आकडा विसरू नये. खोट्या दिव्यानेही चौघांत जवळजवळ एकाला बरे वाटते, म्हणून ‘आमच्या व्याह्यांना गुण आला’ एवढ्यावरून सौदा पक्का करता येत नाही. तरीही 72 आणि 24 यांतील अंतर मोठे आहे आणि ते दिव्याच्या जमेच्या बाजूस लिहिले पाहिजे. त्याच अभ्यासात नाकात मांस वाढलेल्या, म्हणजे पॉलिपच्या रुग्णांना मात्र लाभ झाला नाही.

हंगेरीतील संशोधकांनी 2005 मध्ये रॅगवीड नावाच्या गवताच्या ॲलर्जीवर प्रकाशोपचाराचा चांगला परिणाम नोंदवला. रॅगवीड हे आपल्या गाजर गवताच्याच कुळातले. परंतु त्या उपचारात अतिनील किरणे होती आणि तो रुग्णालयात दिला गेला होता. त्या निष्कर्षाचे श्रेय घरातील लाल दिव्याला देता येणार नाही.

हे झाले ॲलर्जीचे. प्रत्यक्ष जुनाट सायनसदाहावर इराणमध्ये 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रारंभिक अभ्यासात, चेहऱ्यावरून सौम्य लेसर दिल्यावर लक्षणे काहीशी कमी झाली. पण रुग्ण केवळ पंधरा होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एवढ्या नमुन्यावरून आपण पोत्याचा भाव करत नाही.

कारणही समजण्यासारखे आहे. लाल प्रकाश त्वचेतून काही मिलिमीटर आत जातो. अवरक्त किरण थोडे अधिक. गालाची त्वचा, चरबी व हाड ओलांडून पोकळीपर्यंत पोहोचेतो त्याचा जोर फारच उतरतो. नाकपुडीतील नळीचा प्रकाश तर मुख्यतः नाकाच्या पुढच्या भागातील अस्तरावरच पडतो. तेथील ॲलर्जीची सूज त्याने थोडी निवळेल. आत साचलेला घट्ट स्राव तो बाहेर काढणार नाही.

तेव्हा हिशेब असा : ॲलर्जीच्या नाकासाठी काही आशा, जुनाट सायनसदाहासाठी अपुरा पुरावा, आणि वाढलेल्या मांसासाठी लाभ नाही.

घरातच असलेले भांडवल

ज्याचा पुरावा अधिक भक्कम आहे, तो उपाय दिव्याहून पुष्कळ स्वस्त आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजेच जलनेती. हठयोगातील ही क्रिया महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास आरंभला होता. इंग्लंडमध्ये 871 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाफारा व नाक धुणे यांची परीक्षा झाली. नाक धुणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही लाभ दिसला. वाफाऱ्याने डोकेदुखी थोडी कमी झाली, बाकी विशेष फरक पडला नाही. ज्या भांड्यावर आपला एवढा विश्वास, त्याची ही कथा!

नाक धुण्याचे पाणी उकळून गार केलेलेच असावे, असा वैद्यकाचा आग्रह आहे. नळाच्या वा विंधण विहिरीच्या कच्च्या पाण्यातील एखादा सूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्याच्या, क्वचित घडणाऱ्या पण प्राणघातक घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे तर गाळलेले, उकळलेले पाणी हा नित्याचा आचार आहे. चातुर्मासात गरम पाण्याचा काळ तीन प्रहरांचा, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच, हे घरातील आजी सहज सांगतील. रोज ताजे पाणी उकळण्याची जी शिस्त इतरांना शिकवावी लागते, ती आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. एक सावधानता मात्र हवी. राख किंवा तांदूळ-डाळीच्या धुवणाने अचित्त केलेले धोवण पाणी पिण्यास आपल्या आचाराप्रमाणे चालत असले, तरी ते नाक धुण्यास वापरू नये. नाकासाठी खळखळून उकळून कोमट केलेले पाणीच घ्यावे.

पाव लिटर पाण्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, एवढे पुरे. मेडिकलच्या दुकानात तयार पुड्या व बाटल्याही मिळतात. भांडे दर वेळी धुऊन कोरडे ठेवावे. नाक पूर्ण चोंदलेले असताना किंवा कान दुखत असताना जोर करू नये. लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरा भरवशाचा उपाय म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टेरॉइडचा नाकातील फवारा. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने आपण दचकतो. परंतु या फवाऱ्यातील मात्रा अत्यल्प असते आणि ती मुख्यतः नाकातच काम करते. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत बंद करू नये. फवारा मारताना उजव्या हाताने डाव्या आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, नाकाच्या मधल्या पडद्यापासून बाहेरच्या दिशेने मारावा.

ज्यांचा चौविहार असतो, त्यांना रात्री औषध घशात उतरण्याची चिंता वाटते आणि संकोचाने ते औषधच सोडून देतात. यातील बरेच फवारे दिवसातून एकदाच घ्यायचे असतात. ते सकाळी घेता येतील का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. कॅप्सूलऐवजी गोळी चालेल का, हेही विचारावे. नियम आणि उपचार यांची सांगड बहुधा बसते. न विचारल्यामुळे मात्र दोन्ही बिघडतात.

नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब ही निराळी वस्तू आहे. गल्ल्याच्या खणात ही बाटली पुष्कळांच्या हाताशी असते. पाच-सात दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास नाक त्याच थेंबांमुळे पुन्हा चोंदू लागते आणि माणूस त्या बाटलीचा ऋणको होऊन बसतो.

आणि मूळ कारण? माल उतरवताना व पोती झटकताना चांगला मास्क बांधावा. खांद्यावरचा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. मुखवस्त्रिकेची सवय असलेल्या समाजाला हे जड वाटू नये. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने दुकान पुसावे, भट्टी वा उदबत्तीचा धूर कोंडू देऊ नये, आणि हमालांनाही मास्क द्यावा. धूळ मालक-नोकर असा भेद करत नाही.

दिवा घ्यायचाच असेल तर

हे सर्व करूनही ॲलर्जीच्या त्रासासाठी जोड म्हणून कोणाला दिवा वापरून पाहायचा असेल, तर हरकत नाही. मात्र काही पथ्ये पाळावीत. उपकरणावर तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये लिहिलेली आहे का, हे पाहावे. नुसते ‘लाल प्रकाश’ लिहिलेले पुरेसे नाही. आपल्या देशात एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. म्हणून उत्पादकाचा नोंदणी वा परवाना क्रमांक मागावा आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. ‘सायनस मुळापासून बरा’ असे लिहिणाऱ्या विक्रेत्यापासून दूरच राहावे.

डोळे मिटून, चष्मा लावून बसावे. अवरक्त किरण दिसत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. उष्णतेच्या बल्बपासून अंतर राखावे. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांना भाजल्याचे लवकर कळत नाही. मुरुमांसाठी वा संसर्गासाठी दिली जाणारी काही औषधे त्वचेला प्रकाशाबद्दल नाजूक बनवतात. कोणतेही औषध चालू असल्यास आधी विचारावे. नळी एकाने वापरलेली दुसऱ्याने वापरू नये. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, तर तो खर्च बुडीत खाती टाकून थांबावे.

ज्याला उशीर परवडत नाही

दिव्याचा खरा धोका त्याच्या किमतीत नाही. दिव्यासमोर बसून गेलेल्या दिवसांत आहे.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त वा रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर वरच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो, बुरशीची गाठ असू शकते, क्वचित त्याहून गंभीर काही असू शकते. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, दृष्टी मंदावणे, तीव्र डोकेदुखीसह ताप व मान आखडणे, गाल बधिर होणे, वरचे दात हलू लागणे, नाकात काळी खपली दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सर्दी बरी होत असता पुन्हा बळावली, किंवा दहा दिवसांनंतरही उतरली नाही, तरीही डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेही व्यक्तींनी हे अधिक लक्षात ठेवावे. 2021 च्या उन्हाळ्यात करोनापाठोपाठ आलेल्या काळ्या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात किती घरे हादरली, हे आपण विसरलेलो नाही. त्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या आजाराची साथरोग कायद्याखाली नोंद करण्यास सांगितले होते. त्याची सुरुवातही पुष्कळदा नाक चोंदणे आणि गाल दुखणे एवढ्यावरच झाली होती. ज्यांनी ‘सायनसच असेल’ म्हणून दिवस घालवले, त्यांना डोळ्याचे, कधी प्राणाचेही मोल द्यावे लागले.

आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने रुग्णालय उभारून रुग्णसेवेला धर्म मानणारे हे आपले गाव आहे. अशा गावात तज्ज्ञाकडे जाण्यास संकोच कसला? नाक-कान-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने पाच मिनिटांत नाकाच्या आत पाहू शकतात आणि गरज भासल्यास सीटी स्कॅन करून छिद्र कोठे अडले आहे ते दाखवू शकतात. एकदा निदान झाले की दिवा ठेवायचा की नाही, हे सहज ठरवता येईल.

या दिवाळीत वहीपूजनापूर्वी घरातील प्रत्येकाच्या नाकाचाही एकदा हिशेब घ्या. कोणाची तक्रार बारा आठवड्यांहून जुनी आहे, कोण थेंबांवर दिवस काढत आहे, कोणाची साखर वाढलेली आहे, हे विचारा. तोवर रोज सकाळी उकळलेल्या पाण्यातील एक पेला नाकासाठी बाजूला काढून ठेवण्यास हरकत नाही.